वाळवंटात छत्री

वाळवंटात जाताना बरोबर छत्री घेणारा माणूस आपण कधी पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. इतकेच नव्हे, तर मी त्याचा मुलगा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सव्वीस जानेवारीला लागून चार दिवसांची सुट्टी आली होती आणि आम्ही सहकुटुंब जैसलमेरला निघालो होतो. सहकुटुंब म्हणजे अण्णा, आई, दादा, वहिनी, त्यांची बारावीतली मुलगी, आम्ही उभयता आणि आमचे दोन चिरंजीव. नऊ माणसे आणि अकरा डाग. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या यांनी भरलेली आईची पिशवी यात धरलेली नाही. ती पिशवी आईच्या देहाचाच एक भाग असते. पुणे स्टेशनवर दादाने सामान मोजले तेव्हा डाग बारा भरले. बारावा डाग म्हणजे अण्णांची छत्री. काळ्या कापडाची, लाकडी मुठीची, लांबलचक, जुन्या घाटाची.

"अण्णा, आपण वाळवंटात चाललो आहोत," दादा म्हणाला.

"ठाऊक आहे. भूगोल मीच शिकवला आहे तुला."

"मग छत्री कशाला?"

"असू दे रे. ती काही खायला मागत नाही."

नातवंडे पोट धरधरून हसली. शेजारच्या बाकावरचे गृहस्थही वर्तमानपत्राआडून हसले. अण्णा मात्र छत्री दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून शांतपणे गाडीची वाट पाहत बसले.

अण्णांच्या छत्रीला इतिहास आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेच ढग घाट ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. माणदेशाच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो, तोही आला तर. अशा गावात जन्मलेल्या माणसाला आभाळाकडे पाहण्याची खोड लागते. अण्णांनी पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, पेन्शन घेतली, पुण्यात आमच्याकडे राहायला आले. पण संध्याकाळी गच्चीवर जाऊन ढग न्याहाळण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. घराबाहेर पडताना छत्री घ्यायची, ती पाऊस येईल या भीतीने नव्हे, तर येईल या आशेने. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आता, या सहलीचा एक हेतू अण्णांना ठाऊक नव्हता, तो वाचकांना सांगून टाकतो. गावी आमची आठ एकर जिरायत जमीन आहे. तिला एक गिऱ्हाईक आले होते आणि भावही बरा देत होते. दादाच्या मुलीला डॉक्टर व्हायचे होते; माझ्या डोक्यावर फ्लॅटचे कर्ज होते. अडत होते ते अण्णांच्या सहीपाशी. अण्णा नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. ते म्हणत, "बघू." या 'बघू'वर वर्ष उलटले. तेव्हा दादाने बेत केला, की पौर्णिमेच्या रात्री समच्या वाळूच्या टेकड्यांवर, चांदण्यात, अण्णा मनाने मोकळे झालेले असताना विषय काढायचा. संमतीचा कागद त्याच्या बॅगेत होता. मी या बेतात सामील होतो. चांदण्याचा असा उपयोग करणे बरे नव्हे, असे मला वाटले नाही असे नाही. पण कर्जाचा हप्ता दरमहा पाच तारखेला येतो आणि त्याला चांदणे कळत नाही.

जैसलमेरचा पहिला दिवस सुरेख गेला. ११५६ साली रावळ जैसलाने वसवलेला तो किल्ला पिवळ्या दगडाचा आहे आणि उतरत्या उन्हात तो खरोखरच सोन्यासारखा दिसतो. अजूनही त्यात माणसे राहतात, चुली पेटतात, पोरे पतंग उडवतात. आमची मुले हवेल्यांच्या नक्षीदार गवाक्षांपुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. अण्णांचे मन मात्र गडीसर तलावावरून हलेना. चौदाव्या शतकात ज्याचा जीर्णोद्धार झाला तो हा तलाव शेकडो वर्षे साऱ्या शहराची तहान भागवीत होता, असे वाटाड्याने सांगितले तेव्हा अण्णांनी त्याला थांबवून विचारले, "पण पाणी येते कुठून?" वाटाड्याला राजाराण्यांच्या गोष्टी पाठ होत्या, हा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता. तो म्हणाला, "पावसाचेच, साहेब." अण्णा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. या जिल्ह्यात वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. आमच्या माणाच्या निम्माही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शहरापासून चाळीस किलोमीटरवरच्या समला पोहोचलो. कापडी तंबूंची ओळ, मध्ये चौक, चौकात शेकोटीची तयारी, रात्री गाणे-बजावणे आणि नंतर चांदणे, असा सगळा सरंजाम ठरलेला होता. पैसे आगाऊ भरलेले होते. फक्त आभाळाला कोणी कळवले नव्हते. चार वाजता पश्चिमेकडून एक राखी रंगाची कड वर आली. आम्ही उंटांवर बसलो तेव्हा वारे सुटले होते. टेकडीच्या माथ्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच वाळूचे लोट उठले. डोळे, कान, दात, सगळीकडे वाळू. वहिनींच्या उंटाने मध्येच बसकण मारली आणि वहिनींनी अशी काही आरोळी ठोकली की बाकीचे उंटही विचारात पडले. आणि मग, ज्याची कल्पना त्या साऱ्या लवाजम्यात फक्त एका छत्रीने केली होती, तो पाऊस सुरू झाला.

पाऊस म्हणजे शिंतोडे नव्हेत, चांगला तासभर लागून राहिलेला, मग थांबून पुन्हा आलेला, थंडगार पाऊस. शेकोटीची लाकडे भिजली, गाणारी मंडळी आपली वाद्ये कापडात गुंडाळून आडोशाला गेली, तंबूच्या शिवणींतून पाणी ठिबकू लागले. आईने पिशवी पदराखाली घेतली. मुले कुडकुडत होती. भिजलेल्या उंटाचा वास ज्याने घेतला नसेल त्याला मी तो समजावून सांगू शकणार नाही, आणि ज्याने घेतला असेल त्याला सांगण्याची गरज नाही. शेजारच्या तंबूतले प्रवासी पैसे परत मागण्यासाठी तळाच्या मालकाभोवती गोळा झाले. दादाही गेला, मीही गेलो.

तो बिचारा हात जोडून सर्वांची क्षमा मागत होता. पण गंमत अशी, की क्षमा मागणारे त्याचे तोंड आतून हसत होते. हसू दाबता दाबत नव्हते. स्वयंपाकघरातले दोन आचारी तर उघड्यावर जाऊन पावसात उभेच राहिले होते. मी जरा रागानेच म्हणालो, "आमची सहल बुडाली आणि तुम्हांला हसू येते?" तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "माफ करा साहेब. हा मावठ आहे."

मावठ! हा शब्द मी प्रथमच ऐकला. पौष-माघात पडणाऱ्या पावसाला राजस्थानात हे नाव आहे. माघ महिन्यावरूनच ते आले. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात वाऱ्याचे जे प्रवाह पूर्वेकडे येतात ते कधीकधी असा थोडा पाऊस इथवर आणून टाकतात. रब्बीच्या उभ्या गव्हाला तो अमृतासारखा. आपल्याकडे याच दिवसांत असा पाऊस आला, तर आपण त्याला अवकाळी म्हणतो आणि द्राक्षे-आंब्याच्या काळजीने कपाळाला हात लावतो. तोच पाऊस, पण एका गावी अवकाळी आणि दुसऱ्या गावी वेळेवर आलेला पाहुणा. हा विचार मला तेव्हा सुचला, असे मात्र मी म्हणणार नाही. तेव्हा मला फक्त माझ्या मोज्यांतले पाणी सुचत होते.

रात्री जेवणे कशीबशी झाली. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी चांगली होती, पण कोणाचे लक्ष नव्हते. सगळे एकाच तंबूत, कोरडी जागा शोधून, रजया ओढून बसलो. बाहेर चंद्राचा पत्ता नव्हता. दादाचा बेत धुऊन गेला होता, आणि बेत फसला म्हणजे माणूस तो भलत्या वेळी पुरा करायला बघतो. मुले झोपली आहेत असे पाहून त्याने एकदम विषय काढला. चांदण्यात जो गोडीने निघायचा तो ठिबकत्या तंबूत चिडचिडीने निघाला. "अण्णा, त्या जमिनीत आहे काय? दर तीन वर्षांनी एकदा ज्वारी येते. पोरीचे शिक्षण त्या दगडांवर व्हायचे आहे का? तुम्ही नुसते 'बघू' म्हणता. कधी बघायचे?"

मी गप्प होतो. पण माझे गप्प बसणे कोणाच्या बाजूचे होते, हे अण्णांना कळत होते.

तंबूवर पाऊस वाजत होता. अण्णा काही वेळ तो ऐकत राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सहीच हवी आहे ना? उद्या देतो." आणि कूस बदलून झोपले.

आम्ही जिंकलो होतो. पण दादाने कागद बॅगेतून काढला नाही आणि मला रात्रभर डोळा लागला नाही. आईही जागीच होती. अंधारात तिच्या बांगड्या मधूनमधून वाजत होत्या.

पहाटे पाहतो तो अण्णांची खाट रिकामी. छत्रीही नाही. वहाणा नाहीत. दादाला उठवले. दोघे बाहेर आलो. पाऊस थांबला होता आणि वाळू गुळासारख्या रंगाची, घट्ट झाली होती. कोरड्या वाळूत पाऊल क्षणात बुजते; या ओल्या वाळूत मात्र अण्णांची पावले वहीत काढल्यासारखी उमटलेली होती, आणि प्रत्येक दुसऱ्या पावलाशेजारी छत्रीच्या टोकाचे एक गोल भोक. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, आदल्या रात्रीचे ते बोलणे, आणि ही थंडी! आम्ही दोघे त्या भोकांमागून अक्षरशः धावत सुटलो. दादाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तळाच्या फाटकाशी पावले संपली आणि जीपच्या चाकोऱ्या सुरू झाल्या.

मालकाने आमचे चेहरे पाहिले आणि घाईने सांगितले, "घाबरू नका. माझे वडील पहाटे शेत बघायला निघाले, तेव्हा तुमचे वडीलही त्यांच्या जीपमध्ये बसले. खडीन पाहायचा आहे म्हणाले."

त्याने आम्हांला गाडीत घातले. अर्ध्या तासात वाळू मागे पडली आणि खडकाळ माळ लागला. मला एकदम आमचा माण आठवला. तोच उघडा, दगडगोट्यांचा, निर्दय माळ. त्या माळाच्या उतारावर, जिथे माळ संपून सखल जमीन सुरू होते, तिथे मातीचा एक लांबच लांब बांध घातलेला होता. आणि बांधाच्या आत, त्या भगभगीत मुलखात, कोणी हिरवी सतरंजी अंथरावी तसा गहू उभा होता. बांधावर दोन म्हातारे बसले होते. एकाच्या डोक्याला केशरी साफा, दुसऱ्याच्या डोक्याला आईने विणलेली कानटोपी. दोघेही भिजलेले. पहाटेची शेवटची सर त्यांनी तिथेच अंगावर घेतली होती. छत्री अण्णांच्या काखेत होती, मिटलेली.

"अण्णा, निदान छत्री तरी उघडायची!" मी म्हणालो. सुटकेचा राग असतो ना, तसा.

"पाहुणा दारात आला म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावतात का?" अण्णा म्हणाले.

मग त्यांनी आम्हांला खडीन समजावून सांगितला. शाळेत सांगत तसाच, हातातल्या छत्रीने चिखलात रेघा ओढून. वरच्या खडकाळ माळावर पडलेले पाणी मुरत नाही, वाहते. ते खाली आले की बांधाशी अडते. पावसाळाभर जमीन ते पिते. दिवाळीच्या सुमारास उरलेले पाणी मोरीतून सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. पुढे पाणी द्यावे लागत नाही. एका एकराच्या पिकासाठी दहा-पंधरा एकर माळाचे पाणी गोळा करायचे, एवढे गणित. पालीवाल ब्राह्मणांनी पाच-सहाशे वर्षांपूर्वी हे बांध घालायला सुरुवात केली. त्यांचे कुलधरा गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. प्रवासी आता तिथे पडक्या भिंती बघायला आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. पण त्यांचे खडीन ओस पडले नाहीत. घातले कोणी, पेरतो कोणी.

साफेवाले बाबा अण्णांचे मोडके हिंदी आणि छत्रीच्या रेघा दोन्ही लक्ष देऊन पाहत होते. ते म्हणाले, "पाऊस इथे मोजून येतो. म्हणून आम्ही पाण्याला नावे ठेवली आहेत. आभाळातून पडते ते पालर पाणी, खोल विहिरीतले पाताळ पाणी, आणि रेतीत मुरून खालच्या थरावर अडते ते रेजाणी." दादाने सहज म्हटले, की इथे जास्त पाऊस पडला तर किती बरे होईल. तेव्हा बाबांनी मान हलवली. २००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात तसा पाऊस पडला होता. कवास हे गाव पाण्याखाली गेले. जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना, आणि वाळवंटात कित्येक महिने तळे साचून राहिले. शंभराहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. "पाऊस किती पडतो हे त्याच्या हाती," बाबा म्हणाले, "बांध आपल्या हाती."

अण्णांनी हे ऐकले आणि ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आमच्याकडे न पाहता, त्या गव्हाकडे पाहत म्हणाले,

"बहात्तरच्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. आपल्या रानाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे ना, त्याच्या कामावर मी आणि माझी आई होतो. मी खडी फोडायचो, ती मातीच्या पाट्या वाहायची. संध्याकाळी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकरी. पुढल्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला, आणि आपल्या विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी राहिले. ते बघून आई रडली होती. म्हणाली, माझ्या पाट्या कामी आल्या."

आजीला मी फोटोतच पाहिलेले. तिच्या पाट्यांची गोष्ट मी पन्नाशीला टेकेपर्यंत ऐकली नव्हती. ऐकायला थांबलोच नव्हतो.

"आता तो तलाव गाळाने भरला आहे," अण्णा पुढे म्हणाले. "वीस वर्षे झाली. पाणी येते आणि वाहून जाते. मी मात्र पाऊस नाही, पाऊस नाही म्हणत आभाळाकडे बघत बसलो. बरोबर छत्री घेऊन हिंडलो, पण हातात फावडे घेतले नाही. तुम्ही म्हणता ते खोटे नाही, त्या जमिनीत काही पिकत नाही. पण दोष जमिनीचा नाही रे, आणि पावसाचाही नाही. सही देतो म्हणालो आहे, देईन. मास्तराचा शब्द आहे. फक्त एकदा हे तुम्हांला सांगायचे होते. घरी सांगता येत नव्हते. घरी तुम्ही घाईत असता."

दादा बांधावरून खाली उतरला. मला वाटले, तो रागावून चालला. तो बांधाच्या कडेने चालत टोकापर्यंत गेला, मोरीपाशी वाकला, परत आला. त्याचे जोडे चिखलाने भरले होते. तो हिशेबनीस माणूस. मन हलले म्हणजे त्याला रडू येत नाही, आकडा येतो. त्याने विचारले, "अण्णा, आपल्या तलावाचा गाळ काढायला किती खर्च येईल?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांनी डोळ्यांवरून कानटोपी खाली ओढली आणि ती पुष्कळ वेळ तशीच राहू दिली.

ही गोष्ट इथे संपवली, तर ती फार गोड होईल. पण दिवाळीचा अंक असला तरी खरे तेच सांगावे. आम्ही जमीन राखली नाही. सगळी राखली नाही. वरच्या अंगाची तीन एकर विकली. पोरीच्या शिक्षणाला पैसे हवेच होते आणि ते बांधावर उगवत नाहीत. त्या खरेदीखतावर सही करताना अण्णांचा हात कापला, तो मी पाहिला. माझे कर्ज अजून फिटायचे आहे. पण तलावाखालची पाच एकर ठेवली. दुसऱ्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी मिळून यंत्र लावले, गाळ काढला, आणि ज्याच्या त्याच्या शेतात पसरला. आमच्या वाट्याचे पैसे दादाने दिले. मला सांगितलेसुद्धा नाही. त्यानंतर एक वर्ष तलाव भरला, एक वर्ष कोरडा गेला. विहिरीला पाणी टिकते ते कधी डिसेंबरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. फार काही झाले नाही. पण आता अण्णा 'बघू' म्हणत नाहीत. दसरा झाला की ते गावी जातात आणि हरभरा पेरून होईपर्यंत परत येत नाहीत. मग दिवाळीला आम्हीच गावी जातो. आई तिथल्या चुलीवर चकल्या तळते आणि पुण्याच्या गॅसला नावे ठेवते.

आणि ती छत्री? ती अण्णांनी निघताना साफेवाल्या बाबांना देऊन टाकली. वाळवंटातल्या माणसाला छत्रीची भेट! आम्ही पुन्हा हसलो. पण या वेळी अण्णाही हसले, आणि बाबा तर सर्वांत जास्त हसले.

दोघांचे फोनवर बोलणे असते. एकाचे हिंदी माणदेशी, दुसऱ्याचे मारवाडी. प्रकृती, मुले, नातवंडे यांची विचारपूस सावकाश, शेवटी. पहिला प्रश्न दोन्हीकडून एकच, "पाऊस झाला का?" गेल्या खेपेस मी शेजारीच बसलो होतो. बाबांनी सांगितले, की यंदा खडीन भरला. अण्णांनी विचारले, "मग छत्री वापरली की नाही?"

पलीकडून उत्तर आले ते मलाही ऐकू आले. बाबा म्हणाले, "नाही मास्तरसाहेब. खुंटीला टांगून ठेवली आहे. पाहुणा आला की आम्ही सगळे बाहेरच जाऊन उभे राहतो."